उणं नसलेली अकरा घरं

१

सकाळी दहाला वहिनीनं स्वतः लिहिलेली अकरा घरं दुसऱ्याच्या वेबसाइटवर पाहिली. सव्वादहाला तिला कळलं की चोरीची तक्रार आधीच झालेली आहे, आणि ती तिच्याचविरुद्ध आहे.

अकराच्या ठोक्याला ताई तिच्या ऑफिसात हजर झाली.

ताई म्हणजे वहिनीची नणंद. वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची, आणि वहिनीचा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, 'ताई'. विमा कंपनीत तिनं तीस वर्षं आगीचे आणि चोरीचे दावे तपासले होते. तिथले लोक तिच्या माघारी तिला 'चाळणी' म्हणत. भावानंच सकाळी फोन केला होता. "ताई, लगेच ये. तुझ्याशिवाय हे कुणाला सापडायचं नाही," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

ऑफिस दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत टायपिस्टचं टेबल आणि भिंतीवर किल्ल्यांचा फळा, आत वहिनीचं टेबल. वहिनी घरं विकून देण्याचा व्यवसाय करायची. असले एजंट शहरात शेकड्यांनी होते, पण वेबसाइटवर प्रत्येक घराखाली 'उणं' असं शीर्षक घालून त्या घराचे दोष लिहिणारी ती एकटीच. ओल कुठल्या भिंतीला येते, कुठला शेजारी पहाटे गाण्याचा रियाज करतो, पाचव्या मजल्यावर नळाची धार किती बारीक होते. मालकाला ते वाचून दाखवून त्याची सही घेतल्याशिवाय पान वर जात नसे. मालक तीन-तीन दिवस भांडत, पण सही करत. धंद्यातले लोक तिला 'उणेबाई' म्हणायचे. घर घेणारे मात्र आधी तिचंच पान उघडायचे.

"हे वाचा वन्सं," वहिनीनं कागद पुढे सरकवला.

तिची वेबसाइट ज्या कंपनीच्या यंत्रांवर होती तिची ती नोटीस होती. पुलापलीकडच्या एजंटानं तक्रार केली होती की वहिनीनं त्याच्या अकरा घरांची वर्णनं आणि फोटो शब्दशः उचलले आहेत. आज संध्याकाळी पाचपर्यंत पुराव्यासह उत्तर आलं नाही, तर वहिनीची वेबसाइट बंद होणार होती.

"बारा वर्षं लिहितेय मी," वहिनी म्हणाली. आवाज शांत होता. हात टेबलाखाली होते. "जगाच्या घरातलं उणं दाखवणारी बाई स्वतः चोर निघाली, असं एकदा झालं ना, की वेबसाइट परत सुरू होऊनही उपयोग नाही. मग माझ्या एका शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"

ताईनं दोघांची पानं शेजारी शेजारी लावली. वाक्यं तीच. प्रत्येक घराचे फोटोही तेच, बारा म्हणजे बारा, क्रमही तोच. वरवर फरक एकच दिसला. पुलापलीकडच्याच्या पानांवर 'उणं' नव्हतं.

"चोरताना केर काढलाय मेल्यानं," वहिनी म्हणाली. "दोष तेवढे वगळले."

"आणि तारखा?"

"तिथेच तर मेख आहे. त्याचं प्रत्येक पान माझ्या पानाच्या तीन-चार दिवस आधीचं दिसतंय."

भावानं दोघींसमोर पाण्याचे पेले ठेवले. पंचावन्न वर्षांचा, केस पांढरे, तरी ताईसाठी तो अजून छोटूच होता. "घाम फुटलाय तुला, छोटू," ती म्हणाली.

"उकडतंय." तो हसला. "मला यातलं काय कळतं? फोटो तेवढे निवडून देतो. बाकी सगळा हिचा कारभार."

ताईनं पेला बाजूला ठेवला.

"वहिनी, तारखा खऱ्या असतील तर वेबसाइट बघून कुणी काही चोरलेलं नाही. तू जगाला दाखवायच्या आधीच ते गेलंय. या दोन खोल्यांत वावरणाऱ्या कुणाच्या तरी हातून."

बाहेरच्या खोलीत टायपिंगचा आवाज थांबला.

२

"माझी मावसबहीण पुलापलीकडे नोकरीला आहे, हे विचारायचंय ना?" टायपिस्टनं स्वतःच सुरुवात केली. "विचारा. माझा दीर तुरुंगात नोकरीला आहे. मग मी काय कैदी झाले?"

"तुझ्याकडे नेमकं काय येतं?" ताईनं विचारलं.

"पूर्ण पान. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलेला सुटा कागद. वर घर, खाली उणं. सोबत बारा फोटो. मी टाइप करायचं, बाई मालकाची सही आणतात, मग वेबसाइटवाल्याकडे पाठवायचं."

"त्या आधी वहीत लिहितात ना? ती वही कधी बघितलीस?"

"त्यांची वही?" टायपिस्टनं कानाला हात लावला. "त्या वहीला हात लावला तर बाई माझा हात इथेच ठेवून घेतील. पर्समधून निघते आणि पर्समध्येच जाते."

"आणि पुलापलीकडच्यानं तुला विचारलं होतं का कधी? नोकरीसाठी?"

टायपिस्ट जरा घुटमळली. "विचारलं होतं. दिवाळखोर माणूस आहे तो... म्हणजे जिभेचा हो. गोड बोलून गोड बोलून संपलाय. मी नाही म्हटलं. बाई ओरडतात, पण खोटं लिहायला लावत नाहीत."

वेबसाइटवाला साडेबाराला आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. नोटीस त्याच्याकडे शनिवारीच आली होती. पाच दिवस त्यानं ती उघडलीच नव्हती.

"असली वीस पत्रं रोज येतात, मॅडम. मला वाटलं, काहीतरी विकायला आलेत."

"पाच दिवस!" आतून वहिनीचा आवाज आला. "माझ्या घराला आग लागली असती तर राख झाल्यावर सांगितलं असतंत!"

"आगीचं सांगितलं असतं," तो पडेल आवाजात म्हणाला.

ताईनं त्याला खुर्ची दाखवली. "हेल्मेट काढा. मारणार नाही कुणी. मला एवढंच सांगा, त्याच्या पानांवरच्या तारखा खऱ्या कशावरून?"

वेबसाइटवाल्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच तो आला होता. त्यानं वहिनीच्याच वेबसाइटचं एक पान उघडलं, चार बटणं दाबली, आणि स्क्रीन वळवली. पानावर दहा वर्षांपूर्वीची तारीख होती.

"पान मालकाचं, तारीखही मालकाची. हवी ती टाका. मात्र तो खोटं बोलतोय हेही तारखेवरून सिद्ध करता येत नाही. कंपनी म्हणणार, तुमचीही खोटी कशावरून नसेल?"

ताईनं सकाळपासून उभा केलेला तर्क एका मिनिटात कोसळला होता. तारीख खोटी असेल, तर जगातल्या कुणीही वेबसाइट उघडून पानं उचलली असतील, उणं कापलं असेल आणि मागची तारीख टाकली असेल.

"म्हणजे इथल्या कुणाचाच हात नसेल," वेबसाइटवाला हळूच म्हणाला.

"हो, तसंच असणार," दारातून भाऊ म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला.

पाऊण वाजला होता. हातात काही नव्हतं.

३

फोटोवाल्याचा स्टुडिओ दोन गल्ल्या सोडून होता. ताई आत शिरली तेव्हा तो कॅमेऱ्याची काच पुसत होता, आणि तो तिच्याकडे न बघता पुसतच राहिला.

"बाईंनी सकाळी फोनवर मला चोर म्हटलं," तो म्हणाला. "नऊ वर्षं त्यांच्या घरांचे फोटो काढतोय. कारण काय, तर मी पुलापलीकडच्याचंही काम करतो. न्हावी दोन भावांचे केस कापतो, म्हणून भांडणं तो लावतो का?"

"मूळ फोटो तुमच्याकडे असतील?"

"प्रत्येक घराचे चाळीस. कुठल्या कॅमेऱ्यातून, कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, सगळी नोंद फाइलच्या आत. वेबसाइटवर टाकलेल्या फोटोत ती नसते, मूळ फाइलीत असते. ते चाळीस दाखवले की पुलापलीकडच्याची बोलती बंद."

ताईच्या जिवात जीव आला. "मग द्या."

"नाही देणार." त्यानं काच खाली ठेवली. "कुणी दिलं त्याचं नाव माझ्यासमोर निघू दे. तोवर एक फाइल हलणार नाही. आज मदत केली की उद्या लोक म्हणणार, चोरानंच घाबरून माल परत केला. तुम्ही विम्यातल्या, तुम्हाला कळेल."

तिला कळलं. तिनं वाद घातला नाही. मोबाइलवर पुलापलीकडच्याचं टेकडीवरच्या घराचं पान काढून त्याच्यापुढे धरलं. "यात तुमचं काय, तेवढं तरी बघा."

फोटोवाल्यानं बारा फोटो वर-खाली केले. मग त्याच घराचे आपले चाळीस उघडले, आणि कामातल्या माणसाची नाराजी त्याच्या रागावर मात करून गेली.

"हा बघा. जिन्यावरचा. ऊन कसं कठड्यातून पायऱ्यांवर सांडलंय! अख्ख्या घराचा सगळ्यात चांगला फोटो. बाईंच्या पानावर नाही. पुलापलीकडच्यानंही घेतला नाही. दोघांनाही अक्कल नाही."

ताईनं जिन्याचा फोटो पाहिला. खरंच चांगला होता.

"लिहिलेलं कधी दाखवते वहिनी तुम्हाला?"

"छे. आम्ही बरोबर जातो तो पहिला दिवस. मी फोटो काढतो, त्या वहीत लिहितात. संध्याकाळी मी चाळीस फोटो त्यांना पाठवतो, विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या जातात, वेगळ्या वेळेला. उणं तेव्हा लिहितात."

"उणं दुसऱ्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी एक अक्षर नाही. मी एकदा म्हटलं, अहो, ती ओल दिसत नाही का? तर म्हणाल्या, आज घराचं चांगलं बघायचं. एकाच दिवशी दोन्ही बघितलं की दोन्ही अर्धवट दिसतं."

ताई उठून उभी राहिली.

"पर्स राहिली तुमची," फोटोवाला म्हणाला, पण ती जिना उतरायला लागली होती. त्याला पर्स घेऊन मागे धावावं लागलं.

४

"वही दे," ताई म्हणाली.

वहिनीनं पर्स पोटाशी धरली. "वन्सं, वही नको. हवं ते विचारा. ती कुणी वाचली की दार उघडं टाकून कपडे बदलल्यासारखं वाटतं."

"अडीच वाजलेत, वहिनी."

वही टेबलावर आली. ताईनं आतल्या खोलीचं दार लोटलं. आता तिनं पुलापलीकडच्याची पानं वेबसाइटशी नाही, वहीशी ताडून पाहिली. एकेक ओळ, बोट ठेवून, जसे जळालेल्या गोदामाचे कागद ती ताडून पाहायची. पहिलं घर. दुसरं. पाचवं. नवव्या पानावर, टेकडीवरच्या घराशी, बोट थांबलं.

पुलापलीकडच्याच्या पानावर एक वाक्य होतं : 'पुस्तक घेऊन दिवाणखान्याच्या खिडकीत बसलं की तळ्यावरचे बगळे मोजता येतात.'

"हे तुझ्या पानावर नाही," ताई म्हणाली.

वहिनी वाकली. "नाही कसं... अगं बाई. मी काढलं ते. पहिल्या दिवशी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर समोरच्या रिकाम्या जागेत पायाच्या खुंट्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या. तिथे इमारत येतेय. वर्षभरात कसलं तळं आणि कसले बगळे! वाक्य खोडलं आणि उण्यात टाकलं, की तळं दिसायचं बंद होणार."

वहीत ते वाक्य होतं. त्यावर एक सरळ रेघ.

"म्हणजे ते तुझ्या वेबसाइटवर एक क्षणही नव्हतं. टायपिस्टच्या कागदावरही नव्हतं."

"नव्हतं. सुटा कागद मी दुसऱ्या भेटीनंतर लिहिते."

ताई खुर्चीत मागे टेकली. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज ऑफिसातल्यासारखा कोरडा होता.

"आपण सकाळपासून एकच चूक करतोय. आपण धरून चाललो की त्यानं उणं कापलं. त्यानं काहीही कापलेलं नाही. त्याच्या हातात आलं तेव्हा उणं लिहिलंच गेलं नव्हतं. चोरी झाली ती पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मध्ये. तारखा खऱ्या असोत की खोट्या, हे वाक्य खोटं बोलत नाही. टायपिस्ट सुटली, वेबसाइटवाला सुटला, मालकही सुटले, कारण त्यांच्यापुढे येतं ते पूर्ण पान."

"मग फोटोवालाच! पहिल्या दिवशी तोच असतो ना?"

"त्याच्याकडे फोटो आहेत, मजकूर नाही. आणि फोटो आहेत चाळीस. त्यानं दिले असते तर जिन्यावरचा आधी दिला असता, त्यावर त्याचा जीव आहे. पुलापलीकडे गेले ते तुमच्या निवडीतले बारा. क्रमासकट."

वहिनीनं वही पुन्हा जवळ ओढली.

"पहिल्या दिवशी संध्याकाळी वही कुठे असते?"

"घरी. जेवणाच्या टेबलावर. मी वाचून दाखवते, आणि मग ओटा आवरते तोवर हे तिथेच बसून फोटो निव—"

ती थांबली. अर्धा शब्द तोंडातच राहिला.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली.

५

भाऊ दारात उभा होता. टायपिस्टला त्यानं घरी पाठवलं असावं, कारण बाहेर कुणी नव्हतं.

"आत ये, छोटू," ताई म्हणाली. दहा वर्षांचा असताना फुलदाणी फोडून तो असाच दारात उभा राहिला होता. तेव्हा तिनं आईला सांगितलं होतं की मांजरानं पाडली. आज पाचच्या आत कुठलंही मांजर मिळणार नव्हतं.

"मी चोरी म्हणून नाही दिलं," तो वहिनीकडे बघून म्हणाला. "तुझं लिहिणं कसलं असतं, तुला ठाऊक नाही. मी पहिला ऐकणारा. ते बगळ्यांचं ऐकलं तेव्हा मला ते घर आपणच घ्यावंसं वाटलं. आणि मग तू त्याच्याखाली उणं लिहितेस. लग्नात उभं राहून नवरीचे आजार वाचून दाखवावेत तसं! लोक अर्ध्यावरून परत जातात. तो पुलापलीकडचा म्हणाला, चांगला भाग आमच्याकडे टाकू, वहिनींच्या नावानं टाकू. घर गेलं की दोन्ही ऑफिसांचं नाव. मला वाटलं, एकदा घरं भराभर जायला लागली की तुला सांगू."

"वहीचे फोटो काढलेत?" वहिनीनं विचारलं. "माझ्या वहीचे?"

"हो."

"अकरा वेळा?"

त्यानं मान खाली घातली. "त्यानं तुझं नाव घातलंच नाही. मी भांडलो, तर म्हणाला, बोलून दाखव बायकोला. आणि आज सकाळी ही नोटीस. मला तोंड उघडता येईना. म्हणून ताईला फोन केला. ती शोधणार हे माहीत होतं."

ताईचं घड्याळाकडे लक्ष होतं. साडेतीन. "मेसेज पुसलेस?"

"नाही."

"मग दाखव."

सगळे होते. वहिनीच्या अक्षरातल्या पानांचे अकरा फोटो, पाठवल्याच्या दिवस-वेळेसकट, आणि ही वेळ पुलापलीकडच्याला बदलता येण्यासारखी नव्हती. प्रत्येकाखाली त्याचं उत्तर. टेकडीवरच्या घराखाली त्यानं लिहिलं होतं : 'वा! वहिनी काय लिहितात हो.'

ताईनं फोन केल्यावर फोटोवाला पावणेचारला आला. ताईनं त्याला बसवलं आणि भावाकडे पाहिलं. भावाला दोनदा सुरुवात करावी लागली. "मी दिलं," तो म्हणाला. "तुमचे फोटोही मीच दिले." फोटोवाल्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. वहिनी उठली आणि त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सकाळी मी तुम्हाला जे बोलले ते चुकीचं होतं. तुमच्या तोंडावर सांगतेय."

"ऐकलं," तो म्हणाला. "जिन्यावरचा फोटो मात्र घ्या आता."

निवेदन भावानं लिहायचं होतं. त्यानं कागद मागितला, तसा वहिनीनं दिला. शब्द सांगायला मात्र नकार दिला. सव्वाचारला त्यानं लिहून पुढे केलं. ताईनं वाचलं. सगळं होतं : काय दिलं, केव्हा, कुणाला. फक्त मधे एका ठिकाणी त्यानं लिहिलं होतं, 'माझ्याकडून नकळत'.

ताईनं कागद वहिनीकडे दिला. वहिनीनं वाचला, पेन उचललं, 'नकळत' वर रेघ मारली आणि कागद परत त्याच्यापुढे ठेवला.

"एवढ्यानं काय बिघडणार आहे?" तो पुटपुटला. "कंपनीला काय फरक पडतो?"

"कंपनीला नाही पडत," वहिनी म्हणाली.

त्यानं ताईकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, एक शब्द तर आहे. तेवढा राहू दे असं ती म्हणाली असती तर वहिनीनं कदाचित ऐकलंही असतं. चार चाळीस झाले होते. ताईनं पेन त्याच्यापुढे सरकवलं. भावानं सही केली.

परत बोलावून घेतलेल्या वेबसाइटवाल्यानं सगळं एकत्र बांधलं : मूळ फोटो, मेसेज, वहीचं ते पान, निवेदन. चार त्रेपन्नला त्यानं बटण दाबलं. मग पाचहीजण एका स्क्रीनकडे बघत बसले. पाच वाजले. वेबसाइट दिसत होती. पाच सात. दिसत होती. वेबसाइटवाल्यानं ती पुन्हा पुन्हा उघडून पाहिली, जणू कुणी डोळा लागलेल्या माणसाचा श्वास बघतंय. पाच वीसला उत्तर आलं. कंपनीनं तक्रार फेटाळली होती. वेबसाइट सुरू राहणार होती, आणि खोटी तक्रार केल्याबद्दल पुलापलीकडच्याकडून खुलासा मागवला होता.

वेबसाइटवाल्यानं टाळी वाजवली. एकट्यानंच वाजवली, म्हणून लगेच थांबला.

ते दोघे गेल्यावर भावानं खिडक्या लावल्या, दिवे घालवले, आणि रोजच्यासारखी गाडीची किल्ली हातात घेतली. "चला," तो म्हणाला. "घरी जाऊन बोलू."

वहिनीनं वही पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"वन्सं," ती म्हणाली, "आज तुमच्याकडे माझी सोय होईल का?"

ताई भावाची बहीण होती. छपन्न वर्षं होत आली. तो किल्ली हातात धरून तिच्या उत्तराची वाट बघत होता.

"माझ्याकडे पलंग एकच आहे," ताई म्हणाली.

"मी खाली झोपेन."

"तू पलंगावर झोपशील," ताई म्हणाली, आणि तिनं दार उघडून धरलं.